मॅनेजरसाहेब मैदानात

४ जानेवारी

आजपासून रोजनिशी. थोर माणसांच्या मागे त्यांचं अक्षर लागत नाही म्हणून लोकांची पंचाईत होते, तेव्हा अक्षर नीट काढायचं. हयातीत मात्र कुणी वाचायची नाही. हिनेसुद्धा नाही.

काल आमच्या कॅशियरचा निरोप समारंभ. माझं भाषण झालं. विषय कॅशियर, पण ओघात देशाची अर्थव्यवस्था, तरुण पिढीची बेफिकिरी आणि स्टेपलर जागेवर न ठेवण्याची वृत्ती यांनाही स्पर्श केला. टाळ्या पडल्या. भाषण संपताना तर फारच. पाहुण्यांत पक्षाचे साहेब होते. कॅशियरचे लांबचे व्याही. माझा हात हातात घेऊन म्हणाले, तुमच्यासारखी माणसं राजकारणात यायला हवीत. दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा ते कॅशियरच्या भावाशी बोलत होते, पण रोख माझ्याकडेच होता.

विचार केला. सगळी हयात बँकेत, त्यातली शेवटची बरीच वर्षं याच शाखेचा मॅनेजर. शाखेतली निम्म्याहून जास्त खाती याच वॉर्डातली. इतर उमेदवारांना दारोदार हिंडून ओळख करून घ्यावी लागते. माझ्यासमोर हा वॉर्ड रांगेत उभा राहिलेला आहे.

हिला सांगितलं. ही म्हणाली, निरोप कॅशियरचा होता ना, मग तो बोलला का?

राहिलं खरं. वेळ कमी होता.

१९ जानेवारी

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाकला. विभागीय कार्यालयाकडून दुसऱ्याच दिवशी मंजुरी. त्या कार्यालयातून इतक्या लवकर उत्तर आलेलं मी नोकरीत कधी पाहिलेलं नाही. धक्का बसला असणार बिचाऱ्यांना.

 रात्री जेवताना ही म्हणाली, घरी बसून करणार काय? म्हटलं, घरी बसणारच नाही. दिवसभर बाहेर. ती म्हणाली, मग ठीक आहे.

घरातला पाठिंबा निश्चित.

लेकीचा फोन. ती परगावी नोकरीला असते. म्हणाली, बाबा, राजकारणात लोकांचं ऐकून घ्यावं लागतं. ऐकून घेणं ही माझी खासियत कशी आहे हे तिला समजावून दिलं. अर्धा तास ती काही बोललीच नाही. पटलं असावं.

२८ फेब्रुवारी

शेवटचा दिवस. केक, समईचं चित्र असलेली भिंतीवरची तसबीर, आणि एक पेन. माझ्या जागी आलेली नवी मॅनेजर, वयाने लेकीएवढी. केक कापायच्या आधीच तिने माझं टेबल काचेच्या खोलीतून बाहेर काढून काउंटरशेजारी मांडून घेतलं. बिचारीला अनुभव नाही. आता कुणीही उठून सरळ तिच्याशी येऊन बोलणार.

माझ्या भाषणाच्या वेळी रोखपाल विभागातल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. सर्दी आहे म्हणाल्या. भावना लपवण्याची ही जुनी पद्धत.

७ मार्च

पक्षप्रवेश. टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर कार्यालय. गर्दी असेल म्हणून नवा कोट घातला होता. वर एकच गृहस्थ. गळ्यात मफलर. उन्हाळ्यातही. पक्षाचे वॉर्ड-चिटणीस. सगळे त्यांना मफलरच म्हणतात, आणि तेही ओ देतात.

साहेब बाहेरगावी होते. त्यांच्या वतीने मफलरने मला पक्षात घेतलं. फुलांचा गुच्छ दिला, फोटो काढला, आणि गुच्छ परत घेतला. संध्याकाळी आणखी कुणीतरी प्रवेश करणार होतं.

मग सभेच्या खुर्च्या मांडायच्या होत्या, त्या मांडल्या. राजकारणात सगळी मारामारी खुर्चीसाठी. पहिल्याच दिवशी माझ्या हातून हॉलभर खुर्च्या गेल्या.

कंबर धरली आहे.

८ मार्च

संकल्प. एक, रोज पहाटे फिरायला जाऊन जनसंपर्क. दोन, रोज एक तास राज्यशास्त्राचं वाचन. तीन, बोलताना ‘नियमानुसार’ हा शब्द टाळणे (मफलरची सूचना). चार, हसरा चेहरा.

९ मार्च

हसरा चेहरा करून बागेत गेलो. ओळखीचे एकजण म्हणाले, दाढ दुखतेय का?

उद्यापासून वाचन.

११ एप्रिल

फोन शांत आहे. बँकेत असताना दिवसभर कानाला असायचा. आज हिच्या फोनवरून स्वतःला लावून पाहिला. वाजला. म्हणजे तांत्रिक अडचण नाही.

लोकांना वाटत असावं, साहेब आता मोठ्या कामात आहेत, त्रास नको द्यायला.

हिने कपाटावरचे डबे काढून पुसायला सांगितले. पुसले. उंचावरून घर वेगळंच दिसतं.

२ मे

आमच्या वॉर्डाचे चालू नगरसेवक म्हणजे अण्णा. विरोधी पक्षाचे. तीनदा निवडून आलेले. शिक्षण बेताचं, भाषण त्याहून बेताचं, आर्थिक धोरण शून्य. मफलरला विचारलं, हा माणूस निवडून येतो कसा? मफलर म्हणाला, अण्णा एकही मयत चुकवत नाही. लग्नाला न आलेला माणूस लोक विसरतात, मयताला न आलेला विसरत नाहीत.

एवढंच ना! यात अवघड काय? वेळेवर पोचणे ही तर माझी सवय. यापुढे वॉर्डात कुणीही जावो, माझा पहिला नंबर.

१४ मे

झालेला प्रकार जसाच्या तसा लिहून ठेवतो, कारण उद्या लोक तिखटमीठ लावतील.

सकाळी दूधवाला हिला सांगत होता, मागच्या गल्लीतले मास्तर गेले. निवृत्त शिक्षक. जुने खातेदार. मी तोंडावर पाणी मारलं, गडद शर्ट चढवला, आणि अण्णांच्या आधी पोचायचं म्हणून चपला हातात घेऊन निघालो असतो तर आश्चर्य नव्हतं. दाराबाहेर चपलांचा ढीग. म्हणजे खात्री झाली. आत शिरलो, समोर सूनबाई होत्या, त्यांना म्हटलं, धीर धरा. असा माणूस पुन्हा होणे नाही. मग तिथे बसलेल्या मंडळींपुढे मास्तरांच्या कार्यावर दोन शब्द बोललो. मंडळी वयाने फार लहान होती, पण लक्ष देऊन ऐकत होती. शिस्त, साधेपणा, ज्ञानदान हे मुद्दे घेतले.  

तेवढ्यात मास्तर न्हाणीघरातून टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले आणि म्हणाले, थांबलात का? चालू द्या.

उलगडा असा. मास्तर गेले होते ते धाकट्या मुलाकडे राहायला. काल रात्रीच परत आले. चपला सूनबाईंच्या शिकवणीच्या पोरांच्या. दूधवाल्याने क्रियापद अर्धवट टाकल्यामुळे हा घोटाळा. भाषेची हेळसांड किती महागात पडते!

मास्तरांनी चहा पाजला. पण जाता जाता म्हणाले, मॅनेजरसाहेब, मागे तुमच्या काउंटरवर मी उभा होतो, तर तुम्ही म्हणालात, हयातीचा दाखला आणा, त्याशिवाय तुम्ही जिवंत आहात असं मी कसं धरू? आता दाखला दिला, तर तुम्ही घरी येऊन मारताय.

त्यांना नियम समजावून सांगितला. समोर उभा असलेला माणूस हा पुरावा होऊ शकत नाही. पोरं हसत होती. वयच असतं ते.

१५ मे

भाजीवालीने विचारलं, साहेब, आज कोण गेलं?

लक्ष द्यायचं नाही.

२० जून

तिकीट मिळालं!

साहेबांच्या घरी मुलाखत. साहेबांनी विचारलं, या वॉर्डातून आणखी कोण इच्छुक आहे? मफलर म्हणाला, कुणीच नाही. साहेब म्हणाले, मग प्रश्नच मिटला. पक्षाच्या इतिहासात इतकी एकमुखी निवड क्वचितच झाली असेल.

परतताना आनंदाने चालतच आलो. बसचं सुटं नव्हतं हेही एक कारण.

हिला सांगितलं. तिला शेजारणीकडून काही वेगळंच कळलेलं. की या वॉर्डात आपला पक्ष आजवर कधी आलेलाच नाही. की साहेबांच्या मुलीचं अण्णांच्या पुतण्याशी लग्न ठरलंय. की साहेबांना अण्णांविरुद्ध कुणीतरी नावापुरता उभा करायचा होता. मी हसलो. दोन घरांत सोयरीक होते आणि तरी दोघे तत्त्वासाठी लढतात, यालाच लोकशाही म्हणतात. ही म्हणाली, तुम्हाला खरंच तसं वाटतं? म्हटलं, वाटतं काय, आहेच.

 तिने माझा कोट ड्रायक्लीनला टाकला.

१ जुलै

जाहीरनामा पूर्ण. सगळा स्वतः लिहिला. प्रस्तावना, उद्दिष्टे, अंमलबजावणीचे टप्पे, परिशिष्ट अ ते ऊ. मफलरने वजन करून पाहिला. म्हणाला, साहेब, लोक उभ्याउभ्या वाचतात. मी म्हटलं, म्हणूनच लोकांना बसायला शिकवायचं आहे.

छापखानेवाल्याने परस्पर पहिलं पान आणि माझा फोटो एवढंच छापलं. फोटो पासपोर्टसाठी काढलेला. मी कुणालातरी शोधत असल्यासारखा दिसतो.

६ जुलै

प्रचाराचा पहिला दिवस. मी, मफलर, पक्षाची चार पोरं, आणि ही. तिला म्हटलं होतं, तू नको येऊस, दमशील. ती म्हणाली, घरात तरी काय करू, तुमचे पोस्टर बघत बसू?

प्रतिसाद उदंड. एकूणएक घरातून माणसं बाहेर आली. हातात पासबुकं. एकाचं नाव चुकलेलं, एकाची सही जुळत नाही, एकाचं कार्ड यंत्राने गिळलेलं. प्रत्येकाला सांगितलं की मी आता बँकेत नाही. त्यांनी विचारलं, मग आलात कशाला?

कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या बाई. यांचा मशीनसाठीच्या कर्जाचा अर्ज मी चार वेळा परत पाठवला होता. त्यांनी ते सगळ्यांदेखत सांगितलं. मी त्यांना चारही वेळेची कारणं सविस्तर सांगितली आणि प्रत्येक वेळी मी कसा बरोबर होतो हे सिद्ध केलं.  त्यांनी दार लावून घेतलं. वादात असं निर्विवाद जिंकणं मला नेहमीच जमतं.

वळून पाहिलं तर ही मागे थांबलेली. त्या बाईंनी दार पुन्हा किलकिलं केलं होतं आणि दोघी बोलत होत्या. बराच वेळ. घरी येताना ही म्हणाली, त्या बाईंच्या मुलीला दृष्टीचा त्रास आहे, तिच्यापाशी राहता यावं म्हणून घरबसल्या काम हवं होतं. आणि म्हणाली, चुकलं म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?

पण चुकलं नव्हतंच.

१३ जुलै

आता मुद्द्याचं. बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेचं गटार. त्यावरची एक फरशी कधीची गायब. लोक उड्या मारून जातात. अण्णांच्या निष्क्रियतेचा जिवंत पुरावा. माझा प्रचार यावरच. परवा तिथेच कोपरा सभा. भाषण तयार आहे: ‘हे नुसतं भगदाड नाही, ही आपल्या नियोजनातली पोकळी आहे.’

मफलर म्हणाला, लोक विचारतील फरशी कधी बसवणार. म्हटलं, आधी विषयाची व्याप्ती तर समजू दे.

१५ जुलै. सरकारी दवाखाना, हाडांचा विभाग

डाव्या हाताने लिहीत नाही, उजवा शाबूत आहे. मोडला तो पाय.

सभा रंगात आली होती. बऱ्यापैकी माणसं. बरीचशी बससाठी थांबलेली, पण ऐकत होती. मी म्हटलं, मित्रहो, एक पाऊल मागे येऊन या प्रश्नाकडे पाहू या. आणि एक पाऊल मागे आलो.

सभेला तेवढा उत्स्फूर्त प्रतिसाद आजवर कधी मिळाला नव्हता.

मफलरने आपला मफलर सोडून माझ्या पायाला बांधला. त्याच्या गळ्यावर भाजल्याचा जुना मोठा डाग आहे. मी नजर वळवली. उगाच वाटलं, इतके महिने एकदाही कसं विचारलं नाही. वेदनेमुळे माणूस हळवा होतो.

१६ जुलै

अण्णा दवाखान्यात येऊन गेले. फळं घेऊन. मागे फोटोग्राफर. उशी नीट केली, डॉक्टरांना माझ्या देखत दोन शब्द सुनावले, हिला म्हणाले, वहिनी, काही लागलं तर हक्काने सांगा. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं नाव त्यांना माहीत होतं. त्याच्या बायकोचंसुद्धा.

विरोधकाची घाबरगुंडी उडाल्याचं हे लक्षण.

१७ जुलै

पेपरात फोटो. अण्णा माझ्यावर वाकलेले, मी डोळे मिटलेला. मथळा: ‘राजकारणापलीकडची माणुसकी’. माझ्या नावाच्या जागी ‘एक जखमी’.

आणि सकाळी फरशी बसली. अण्णांनी स्वतः उभं राहून बसवून घेतली.

म्हणजे माझ्या जाहीरनाम्यातलं पहिलं काम मतदानाआधीच पूर्ण! असा उमेदवार दाखवा.

२४ जुलै

घरी. पाय उशीवर, प्लास्टरवर लेकीने येऊन ‘विजयी भव’ लिहिलं आहे. दोन दिवस राहून गेली. जाताना हिच्याशी स्वयंपाकघरात हळू बोलत होती. मला एवढंच ऐकू आलं की, आई, तू थांबवत का नाहीस? आणि ही म्हणाली, पडू दे गं एकदा. नाहीतर जन्मभर म्हणतील, उभा राहिलो असतो तर आलो असतो.

बहुधा खिडकीच्या पडद्याविषयी चाललं असावं. दांडी सैल आहे.

माझ्याऐवजी आता ही प्रचाराला जाते. मी घरातून सूत्रं हलवतो. आज तिला सहकारी पतपुरवठ्याच्या मुद्द्यावर टिपण दिलं. तिने पर्समध्ये घातलं.

२९ जुलै

मफलर येऊन सांगत होता, वहिनींना लोक आत बोलावतात, बसवतात. मास्तरांनी तर चक्क तासभर गप्पा मारल्या. विचारलं, टिपणातले मुद्दे मांडते ना? मफलर घुटमळला. मग म्हणाला, त्या सगळीकडे एकच सांगतात. की माणूस वाईट नाही, फक्त ऐकत नाही. मी ऐकायला लावीन.

प्रचाराची घोषणा म्हणून जरा लांब आहे. पण चालेल.

३ ऑगस्ट, संध्याकाळी

ही आली ती खुर्चीत बसली आणि तशीच झोपली. पायांत सॅंडल. पाय सुजलेले. मी तिला उद्याच्या धोरणाबद्दल सांगत होतो, निम्म्यात लक्षात आलं.

कुबडी घेऊन उठलो. सॅंडलचे पट्टे सोडायला वाकता येईना, म्हणून जमिनीवर बसलो आणि सोडले. मग मला उठता येईना. ती जागी होईपर्यंत तिथेच बसून राहिलो. टाचेला भेगा पडल्या आहेत तिच्या. कधी पडल्या कोण जाणे.

निवडून आल्यावर पहिलं काम, कार्यकर्त्यांच्या आरोग्याकडे लक्ष.

९ ऑगस्ट

मतदान. कुबडी, कोट, हसरा चेहरा. रांगेत लोकांनी पुढे जाऊ दिलं. सहानुभूतीची लाट स्पष्ट जाणवत होती. यंदा यंत्रांऐवजी मतपत्रिका होत्या; आत जाऊन ती नीट वाचली, पूर्ण विचार करून स्वतःला मत दिलं, घडी घातली. सगळं नियमानुसार.

उद्या विजयी सभेत कुणाचे आभार मानायचे ते ठरवून ठेवलं. हिचा उल्लेख शेवटी. भावपूर्ण होईल.

१० ऑगस्ट

निकाल.

शाळेच्या हॉलमध्ये मोजणी. लांब टेबल, उमेदवारागणिक गठ्ठे. अण्णांचा गठ्ठा कलंडायला लागला म्हणून त्याचे दोन केले. मग तीन. आमच्यात एक अपक्षही होता, त्याने मागेच माघार घेतली होती. पण नाव छापून गेलं होतं. तो सध्या परदेशात असतो. तो दुसरा आला.

माझ्या गठ्ठ्याला रबरबँड लावायची गरज पडली नाही.

तरीही मी खचलो नव्हतो. पण मग निवडणूक अधिकाऱ्याने एक मतपत्रिका उजेडात धरली आणि म्हणाला, ही बाद. विचारलं, का? म्हणाला, शिक्का बरोबर आहे, पण खाली सही केली आहे. पूर्ण नाव, तारीख, आणि हुद्दा. ‘शाखा व्यवस्थापक’.

 अण्णांचा माणूस शिंकल्यासारखा हसत सुटला, आणि मग सगळेच.

मी म्हटलं, सहीशिवाय कागद खरा कसा मानायचा? अधिकारी म्हणाला, साहेब, इथे सही केली की तो खोटा होतो. नियम आहे. ‘नियम आहे’ हे वाक्य समोरून ऐकायला किती वाईट लागतं, हे कुणी आधी सांगायला हवं होतं.

मी मलाच दिलेलं मत मला मिळालं नाही.

 घरी येताना रिक्षात हिला विचारलं, तू कुणाला दिलंस? म्हणाली, तुम्हाला. आणि माझी कुबडी सावरत म्हणाली, सही न करता.

१२ ऑगस्ट

पराभवाची कारणमीमांसा. एक, मतदारांचं अपुरं शिक्षण. दोन, छापखाना. तीन, दूधवाला.

प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघणार.

२६ सप्टेंबर

खळबळजनक. अण्णा आपल्या पक्षात आले! साहेबांच्या हस्ते प्रवेश, मोठा मंडप, बँड. लग्नही त्याच आठवड्यात उरकलं, दोन्हीचा मांडव एकच.

म्हणजे मी अण्णांना हरवू शकलो नाही, पण त्यांना वैचारिकदृष्ट्या इकडे यावं लागलं. शेवटी परिशिष्ट ऊ पर्यंत कुणीतरी वाचलंच.

सभेला मला पहिल्या रांगेत जागा राखून ठेवली होती. ऐन वेळी त्या रांगेतल्या खुर्च्या व्यासपीठावर हलवल्या गेल्या. उभं राहूनही छान दिसत होतं. मफलरने आपली तिसऱ्या रांगेतली खुर्ची मला दिली आणि तो खांबाला टेकून उभा राहिला. त्याला सहज विचारलं, गळ्याला काय झालं होतं? त्याने सांगितलं. लहानपणची गोष्ट. भाषणं चालली होती तोवर तो सांगत होता आणि मी ऐकत होतो. अण्णा काय बोलले ते त्यामुळे राहून गेलं.

१९ नोव्हेंबर, सकाळी

साहेबांचा स्वतःचा फोन! म्हणाले, एक नाजूक काम आहे, तुमच्याखेरीज कुणाला जमणार नाही. दहा वाजता घरी या.

हिला म्हटलं, एक तर प्रवक्तेपद, नाहीतर प्रदेश समिती. प्रवक्तेपद असलं तर आवाजाची काळजी घ्यावी लागेल. हिने कोट काढून दिला. एक बटण सैल होतं ते उभ्याउभ्या शिवून दिलं. म्हणाली, जे असेल ते नीट ऐकून घ्या आधी.

त्याच दिवशी, दुपारी

साहेबांचा दिवाणखाना. आतल्या खोलीत प्रदेश समितीची यादी चालली होती. दार उघडलं की नावं ऐकू यायची, मिटलं की बंद. मी दाराच्या तोंडाशीच बसलो, हाक मारली तर पटकन उठता यावं म्हणून.

साहेब आले. बरोबर नवे जावई, अण्णांचे पुतणे. साहेब म्हणाले, यांच्या घरकर्जाचा अर्ज बँक सारखा परत पाठवते. कारण कळत नाही. तुम्ही जरा डोळ्यांखालून घाला. एवढं म्हणून ते आत गेले आणि दार लागलं.

मी फाइल उघडली. पहिल्या पानावरच दिसलं. पत्ता दोन ठिकाणी दोन तऱ्हेचा. जामीनदाराची सही एका पानावर राहिलेली. नकाशा जुना. जावयांना समोर बसवलं आणि एकेक सांगत गेलो. हे का लागतं, ते का लागतं. विचारलं, तुमची अडचण नेमकी काय झाली होती? ते सांगू लागले. त्यांची आई खालच्या मजल्यावर राहणार आहे, तिला जिने चढवत नाहीत, म्हणून नकाशा बदलला होता. मी थांबून ऐकलं. मग म्हटलं, तसं असेल तर हा परिच्छेद असा लिहा. त्यांनी लिहून घेतला. एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. या वर्षात माझं बोलणं इतकं मन लावून कुणी ऐकलेलं आठवत नाही.

आत टाळ्या वाजल्या. यादी पक्की झाली असावी.

जावयांनी फाइल बांधली, उभे राहिले, वाकून नमस्कार केला. म्हणाले, काका, तुमच्यामुळे आज पहिल्यांदा काहीतरी समजलं. तुम्ही बँकेतच असता ना?

याचं उत्तर माझं तयार असतं. मी पूर्वी होतो, सध्या पूर्णवेळ सार्वजनिक जीवनात. तोंडपाठ आहे. मफलर चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होता, त्यानेही माझ्याकडे पाहिलं.

हो, म्हटलं.

पायीच घरी आलो. हिने दार उघडलं, कोट घेतला, विचारलं, काय झालं?

काम झालं, म्हटलं.

कुणाचं?

त्यांचं.